पुलावर आधी कोणाचा बँड

एर्सीलिया मार्तेल्ला सातवीच्या वर्गाला टक्केवारी शिकवत होती. शाळेचा शिपाई दार न वाजवताच आत घुसला.

"बाई, फुल्जेन्झ्योला राष्ट्रपतींचं बोलावणं आलंय! टीव्हीवर दाखवतायत! आपला फुल्जेन्झ्यो पंतप्रधान होतोय!"

मुलं बाकांवर चढली. त्यांना खाली उतरवायचं सोडून एर्सीलिया खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर रोम नव्हतं की पंतप्रधानांची कचेरी नव्हती. पूल होता.

पिएत्रानेरा आणि रोक्काव्हेन्ता ही दोन गावं समोरासमोर, मध्ये नदी. संत मात्र दोघांचा एकच, सान व्हीतो. जूनमध्ये त्याच्या उत्सवाला मूर्ती खांद्यावर घेऊन पूल ओलांडायचा, आणि पूल इतका अरुंद की दोन बँड शेजारी-शेजारी मावत नाहीत. मग पुढे कोण? राजाच्या काळात एका वर्षी यावरून अशी जुंपली की एक अख्खा ट्यूबा, बँडमधला तो भलामोठा पितळी भोंगा, नदीतून वाहून गेला. तेव्हाच्या पाद्र्यांनी तोडगा काढला. त्या वर्षी रोक्काव्हेन्ताचा एक वकील देशाचा पंतप्रधान झाला होता. "त्यांचा बँड पुढे," पाद्री म्हणाले, "समोरच्या काठाने पंतप्रधान दिला की समोरच्यांचा." इथे पंतप्रधान उन्हाळ्यागणिक बदलतात, तेव्हा पाळी आलटून-पालटून येईल, असं त्यांना वाटलं असणार. तो वकील अकरा आठवड्यांत घरी परतला. त्याच्या गावचा बँड मात्र शंभरावर वर्षं पुढेच चालत राहिला.

एर्सीलिया पिएत्रानेराची बँडमास्तरीण होती. आठव्या वर्षी हातात झांजा आल्या तेव्हापासून पुलावर तिने एकच दृश्य पाहिलं होतं: रोक्काव्हेन्ताच्या वाजंत्र्यांच्या घामेजलेल्या पाठी. एकदा तिने गणितही मांडलं होतं. प्रजासत्ताक आल्यापासून सरकारं झाली साठाहून जास्त, पण तीच ती माणसं फिरून फिरून येत असल्याने पंतप्रधान जेमतेम तीस. देशाची लोकसंख्या सहा कोटी, गावाची नऊशे. याच वेगाने गावाची पाळी यायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागणार होती. हे उत्तर तिने बँडमध्ये कोणालाच सांगितलं नाही.

आणि आता रोममध्ये पक्षांचं दोन महिने आपसांत जमेना म्हणून राष्ट्रपतींनी पक्षाबाहेरचा माणूस शोधला होता. नद्या आणि पूर यांचा प्राध्यापक फुल्जेन्झ्यो मार्रामा, जन्म पिएत्रानेरा. उत्सवाला तीन आठवडे होते.

संध्याकाळी बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रोक्काव्हेन्ताचा बँडमास्तर नाझारेनो दी बुक्यो सत्तरीचा होता, तो रोज पूल ओलांडून इथेच पत्ते खेळायला यायचा. आजही आला होता. टीव्हीवर फुल्जेन्झ्यो सांगत होता की त्याने ही जबाबदारी राखून स्वीकारली आहे.

"राखून म्हणजे?" नाझारेनोने पान टाकलं. "मी चाळीस वर्षं बायकोचं म्हणणं राखूनच स्वीकारतोय. म्हणून घरात माझं राज्य आलं का?"

"काका, तशी रीतच आहे," एर्सीलिया म्हणाली. "सगळे आधी तसंच म्हणतात. मंत्री ठरले की होकार कळवतात."

"मग ठरू देत. तोवर पोरी, तुझा बँड मागे."

जवळजवळ दोन आठवडे गावाने टीव्ही बंद केला नाही. आज शेतकीमंत्री मिळाला, उद्या अर्थमंत्र्याने पाठ फिरवली, परवा दुसरा सापडला. ढोल वाजवणारा म्हातारा लोरेतो रात्रीसुद्धा रेडिओ उशाशी घेऊन निजायचा. शेवटी एका शनिवारी फुल्जेन्झ्यो राष्ट्रपतींसमोर उभा राहिला आणि शपथ एका दमात, न अडखळता म्हणून मोकळा झाला. बारमध्ये लोकांनी एकमेकांना उचलून घेतलं. त्यानंतर आला तो क्षण, जो या देशात पोरंसोरंही ओळखतात. मंत्रिमंडळाच्या बैठकीत वाजवायची ती छोटी चांदीची घंटी मावळत्या पंतप्रधानांनी फुल्जेन्झ्योच्या हातात दिली. फोटोवाल्यांसाठी त्याने ती किणकिणवली, जरा जास्तच जोरात.

नाझारेनोने हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. "घंटी घेतली," तो म्हणाला. "झाला म्हणायचा."

"म्हणजे आम्ही पुढे?"

"आता तोंडाने वदवून घेतेस का? हो, पुढे!"

त्या रात्रीपासून सरावाला दांडी मारणारेसुद्धा हजर होऊ लागले. लोरेतोने ढोलाला नवं कातडं चढवलं. एर्सीलिया फळ्यावर अपूर्णांक लिहितानाही खडूने ताल धरायची.

पण शपथ घेतली की संपत नाही. दहा दिवसांच्या आत संसदेचा विश्वास मागावा लागतो. शुक्रवारी वरच्या सभागृहात एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. सदस्य पुढे येत, हो किंवा नाही म्हणत आणि निघून जात. बारमध्ये आधी प्रत्येक 'हो'ला ग्लास आपटले गेले. मग 'नाही'चा ओघ सुरू झाला. शेवटची नावं येईपर्यंत कोणी ग्लासाला हात लावेना. चार मतांनी सरकार पडलं.

फुल्जेन्झ्यो जागेवरून उठला, कागद सरळ केले आणि राजीनामा द्यायला निघाला.

"आठवडाही धड नाही," नाझारेनो उठत म्हणाला. आवाजात कुचेष्टा होतीच, पण थोडी हळहळही असावी. "आमचा निदान अकरा आठवडे तरी टिकला होता. रविवारी भेटू, पोरी. नेहमीच्या जागी."

एर्सीलिया घरी गेली नाही. नदीकाठच्या भिंतीवर बसून तिने चुकलेल्या गणिताकडे पाहावं तसं सगळं पुन्हा तपासलं. कुठली पायरी चुकली? शपथ झाली, घंटी मिळाली, मत गेलं, राजीनामा गेला. पुढची पायरी काय? ती ताडकन उठली. पुढची पायरी अजून झालेलीच नव्हती!

रविवारी दहा वाजता दोन्ही बँड पुलाच्या तोंडाशी आमनेसामने उभे ठाकले. सान व्हीतोची मूर्ती आठ जणांच्या खांद्यावर, माणसं घामाघूम. फादर तार्चिझ्यो मध्ये उभे.

"काका, बाजूला व्हा," एर्सीलिया म्हणाली. "आम्ही पुढे."

"शुक्रवारी झोपली होतीस का? पडलं ना तुमचं सरकार! ज्याला पहिल्याच दिवशी विश्वास मिळाला नाही, तो कसला पंतप्रधान?"

"या देशात असं आधीही घडलंय. पहिल्याच मताला सरकारं पडली, तरी सरकारांच्या यादीत त्यांना क्रमांक मिळालेच. शपथ घेतली की सरकार झालं. मत पडलं तर ते पडतं, झालंच नव्हतं असं होत नाही."

"शब्दांचा कीस पाडू नकोस."

"आणि तुमच्या वकीलसाहेबांना कोणाचा विश्वास होता? राजाने बोलावलं, राजानेच घालवलं."

पिएत्रानेराच्या बाजूने हशा उसळला. नाझारेनोचे कान तांबडे झाले.

"ए, आमच्या माणसाचं नाव नको! तो पंतप्रधान होता. तुमचा होता म्हण, फार तर. होता आणि गेला."

"होता नाही, काका. आहे."

मूर्तीखालच्या एकाने कण्हत विचारलं, "आहे म्हणजे?"

"म्हणजे या घटकेला, आपण इथे भांडतोय तेव्हा, देशाचा पंतप्रधान फुल्जेन्झ्यो मार्रामाच आहे. राष्ट्रपतींनी राजीनामा घेतला आणि सांगितलं, नवा माणूस शपथ घेईपर्यंत रोजचं काम तूच बघ. काळजीवाहू का होईना, खुर्ची रिकामी राहत नाही."

"हे तू म्हणतेस!"

"आज सकाळी मी फुल्जेन्झ्योच्या घरी फोन केला होता," कोणीतरी मागून ओरडलं, "पहाऱ्यावरचा पोलीस म्हणाला, प्रेसिदेन्ते कामात आहेत!"

"हुं!" नाझारेनोने हात उडवला. "पंतप्रधानालाच काय, इथे गोट्या खेळायच्या मंडळाच्या अध्यक्षालासुद्धा मरेपर्यंत प्रेसिदेन्ते म्हणतात. त्याने काय सिद्ध होतं?"

"काहीच नाही," एर्सीलियाने कबूल केलं. "ते सोडा. तुम्हीच सांगा, काका. घंटी कोणाकडे आहे?"

"घंटीचं काय?" नाझारेनोने विचारलं.

"त्या शनिवारी तुम्हीच म्हणालात, घंटी घेतली, झाला. बरोबर? मग ती त्याच्याकडून कोणी घेतली? टीव्ही तर रोजच बघता. कोणी हात पुढे केला का?"

फादर तार्चिझ्यो गालातल्या गालात हसत होते. सगळा पूल म्हाताऱ्याकडे बघत होता. त्याने कपाळ पुसलं, नदीकडे पाहिलं, मग आपल्या ट्यूबावाल्याकडे, जणू तो काही सुचवणार होता. ट्यूबावाल्याने खांदे उडवले.

"फादर, लवकर काय ते ठरवा," मूर्तीखालून आवाज आला, "नाहीतर संत आमच्या मानेत रुतणार!"

"घंटी त्याच्याकडेच आहे," नाझारेनो शेवटी पुटपुटला. मग आपल्या माणसांवर उगाचच डाफरला, "ऐकू आलं नाही का? सरका! कठड्याला चिकटा! आणि एर्सीलिया, एक लक्षात ठेव. आमचा पुढचा वकील अजून शिकतोय, वीस वर्षांचा आहे आणि फार बोलतो."

"ठेवते, काका."

रोक्काव्हेन्ताचा बँड दोन्ही कठड्यांना चिकटून उभा राहिला. मधून पिएत्रानेराचे वाजंत्री एकेक करून पुढे सरकले, पोटं आत ओढून, ट्रम्पेट डोक्यावर धरून. लोरेतोचा ढोल अडकला तेव्हा तो नाझारेनोनेच ढकलून पुढे काढला.

एर्सीलिया सगळ्यांच्या पुढे आली. समोर पाठ नव्हती. पिवळसर दगडांचा सरळ पूल होता, पलीकडे उन्हात चमकणारी छपरं होती, आणि मध्ये कोणीच नव्हतं. आजवर पाय कधी उचलायचा हे पुढच्यांकडून कळायचं. आता ते तिने ठरवायचं होतं. तिची छाती धडधडत होती. त्याच वेगाने तिने हातातली काठी उचलली आणि त्याच वेगाने खाली आणली.

ढोल गडगडला, ट्रम्पेट निनादले, मिरवणूक सुरू झाली. बँड चालत नव्हता, जवळजवळ पळत होता. झांजावाली पोर हसतच सुटली होती. मागून मूर्तीवाल्यांची बोंब उठली:

"अगं ए मास्तरीण, हळू! संत आहे हा, सायकलची शर्यत नाही!"

तिने ऐकलं. पण पूल अर्धा ओलांडून होईपर्यंत तिला वेग काही कमी करता आला नाही.