पेढ्यांपासून मोजलेली दोन वर्षं

गेल्या सालच्या सप्ताहात लालासाहेबांनी माईकवर जाऊन सांगून टाकलं होतं, की पुढच्या चैत्रात काल्याचं कीर्तन पत्र्याखाली होईल आणि तो पत्रा माझी लेक देईल. मेढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव. फौजेत हवालदारकी केलेला माणूस. दिलेला शब्द म्हणजे त्यांना हुकूमच.

लेक संयोगिता पुण्यात एका अमेरिकन कंपनीत. कंपनीनं तिला पगाराबरोबर आपले शेअर देऊ केले, तेव्हा लालासाहेबांनी गावभर पेढे वाटले होते. असे परदेशी शेअर दोन वर्षं ठेवून विकले की नफ्यावर कर कमी बसतो, हे तिनंच कधीतरी सांगितलेलं. ह्यांनी पेढ्यांच्या दिवसापासून दोन वर्षं मोजली आणि शब्द देऊन मोकळे झाले.

यंदा सप्ताह बसला. सांगलीजवळच्या कुपवाडातून गावच्याच नाथाजी कारखानदारानं मंडपाच्या छपराला लोखंडी कैच्या आणून उभ्या केल्या. पत्र्याचे पैसे तेवढे राहिले. संयोगिता सुट्टी काढून आली, तेव्हा गोम कळली.

"आबा, पेढे वाटले तेव्हा नुसती बोलणी झाली होती," ती हसत म्हणाली. "सुपारी फुटली म्हणजे अक्षता पडल्या का? शेअर माझ्या खात्यावर आले त्यानंतरच्या दिवाळीत. दोन वर्षं तिथून धरायची."

म्हणजे ती भरणार येत्या दिवाळीत. शेअर आले तेव्हाच्या भावावर पगारातच कर कापला गेला होता. प्रश्न होता पुढं झालेल्या वाढीचा. दिवाळीनंतर विकले तर वाढीच्या रुपयामागं साडेबारा पैसे. आता विकले तर पगाराच्या दरानं, तीस पैशांच्या वरच.

पुतण्या शिवतेजनं सोपी वाट काढली: शेअर अमेरिकेत, इथं बघायला कोण येतंय? संयोगिता म्हणाली, ते मी दरसाल विवरणपत्रात दाखवते, आणि देवाच्या मंडपाला लपवाछपवीचा पत्रा नको. लालासाहेब मिशीतल्या मिशीत हसले. पण ती पुढं म्हणाली, "तुमचा शब्द जायचा नाही, आबा. संध्याकाळी सातला तिकडचा बाजार उघडला की विकते. कर गेला तर जाऊ दे."

दुपारभर लालासाहेब उघड्या कैच्यांखाली येरझाऱ्या घालत राहिले. शब्द आपण दिला, हिशेब आपला चुकला, आणि भुर्दंड पोरीनं सोसायचा?

संध्याकाळी टाळकरी उभे राहिले. गंगाधरबुवा कीर्तनाला सुरुवात करणार, तोच लालासाहेब माईकपाशी गेले. मागं बायकांत संयोगिता मोबाईल हातात धरून बसली होती.

"माऊली, मी दिलेला शब्द दिवाळीवर गेला. चूक माजी हाय, पोरीची न्हाई. ती आज पैसं द्यायला तयार हाय, मीच नगं म्हनतोय. दिवाळी झाली की ती शेअर विकंल, सरकारचा कर चोख भरंल, मग पत्रा चढंल. तवर मला काय बोलायचं ते बोला."

मग मागून म्हातारी हरणाबाई म्हणाली, "आरं लाला, आजवर उघड्यावर बसून आमी काय इतळलो व्हय? पोर उभी कर की. बघू दे आमाला."

संयोगितानं मोबाईल पिशवीत टाकला आणि लाजत उभी राहिली. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून लालासाहेबांच्या हाती दिला, त्यांनी तो लेकीच्या गळ्यात घातला, आणि टाळ घेऊन ओळीत जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी त्यांचा टाळ सारखा ठेक्याबाहेर जात होता. शेजारचा कोपरानं ढोसत होता, तरी त्यांची नजर बायकांतल्या त्या हारावरून हलेना.