शकुबाईचा तांब्या

बारामती मागे पडली, गाडीने वेग घेतला, तसा संभाजीने पिशवीतून पितळी तांब्या काढला. बोटभर कमी ठेवून पाण्याने भरला आणि समोरच्या रिकाम्या बाकावर ठेवला. शेजारी सिंधुबाई बसली होती. तिने पेरूची पाटी पायाशी ओढली. "भावजी, माझे पेरू भिजवायचं ठरवूनच आलाय व्हय?"

तांब्या शकुबाईचा, संभाजीच्या बायकोचा. दोघी मैत्रिणी वीस वर्षं याच गाडीने दौंडला पेरू विकायला जायच्या. ओढ्यावरचा पूल आला की गाडी आधी खाली बसायची, मग गचका देऊन पुलावर चढायची. पाणी शकुबाईच्या लुगड्यावर. संभाजी त्याच पट्ट्यातला रेल्वेचा गँगमन. घरी आली की ती त्याला ओला पदर दाखवायची. "रूळ तुमी बघायचे आन् अंघोळ मला."

पूल जागचा हलत नव्हता. त्याला टेकलेला मातीचा भराव खचायचा. गँग रूळ उचलून खाली खडी ठोकायची, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी तिथे गाडी हळू न्यायचा बोर्ड लागला.

दिवाळीनंतर शकुबाई तापाने गेली. सुटीच्या दिवशी घर खायला उठायचं, म्हणून संभाजी पुलापाशी जाऊन बसू लागला. एप्रिलमध्ये त्याच्या ध्यानात आलं, सगळा भराव वाळलाय, पुलाजवळचं गवत मात्र हिरवंगार. वरच्या उसाचं पाणी आत मुरत होतं. ते बाहेर पडायला पुलाच्या भिंतीत भोकं ठेवलेली, ती मातीने बुजली होती. इतकी वर्षं सगळे वरून खडी ओतत राहिले. खाली वाकून कुणी पाहिलं नाही, त्यानेही नाही.

त्याने साहेबांना नेऊन दाखवलं. भोकं मोकळी केली तर दोन दिवस गढूळ पाणी वाहत होतं. मग ओली माती काढून दगड भरले, रूळ बसवले. काल बोर्ड निघाला. आज पुऱ्या वेगाने जाणारी ही पहिलीच गाडी.

उसाचे फड भराभर मागे पळत होते. ओढ्याकाठची बाभळ दिसली आणि संभाजी तांब्याकडे वाकून बसला. तांब्यातलं पाणी थरथरलं. चाकांचा आवाज एकदम पोकळ झाला. गाडी पुलावर आली होती आणि गचका बसला नव्हता.

सिंधुबाई हसायला लागली, तर त्याने हाताने थांबवलं. "पलीकडचं टोक हाय अजून."

आवाज पुन्हा भरीव झाला. पूल मागे गेला. सिंधुबाईने बाकावरून तळहात फिरवून पाहिला.

"कोरडं हाय, भावजी. पार कोरडं."

संभाजीने तांब्या उचलला. दोन घोट प्यायचे होते, पण हात असा कापू लागला की निम्मं पाणी त्याच्याच सदऱ्यावर सांडलं.

"आता रूळ नीट झालाय," सिंधुबाई डोळे पुसत म्हणाली, "तर तुमीच सांडा."