क्रोटनखालची माती

मी एक जुनी पिवळी बादली आहे. मित्रांनो, गेल्या शुक्रवारी माझ्या तळाशी एक गेंड्या भुंगा सापडला. काळा, शिंगवाला, माडाचा शेंडा पोखरून आख्खं झाड मारणारा. आमच्या बेटावरचा पहिलाच. धक्क्यावर बोटी तपासणाऱ्या काल्तोईने तो तळहातावर घेतला आणि माडाच्या बुंध्याशी खालीच बसला.

मी राजधानीहून रंग भरून आले. रंग संपल्यावर काल्तोईची बायको लेइसावी मला घरी घेऊन गेली. तेरा वर्षं मी तिचं पाणी भरलं. बुडाला चीर गेली, तरी तिने मला टाकलं नाही.

मग मोठ्या बेटावर हा भुंगा आला, तेव्हा शेतीखातं, बंदरखातं आणि गावोगावचे मुखिया एकत्र बसले. ठरलं की प्रत्येक बोट तपासायची, बाहेरची माती उतरू द्यायची नाही, माडांवर सापळे टांगायचे. काल्तोई धक्क्यावरचा तपासनीस झाला. सापळे कमी पडले तेव्हा लेइसावीने मला पुढे केलं.

"अगं, ही गळकी आहे," काल्तोई म्हणाला.

"पाणी गळेल. भुंगा कसा गळेल?"

माझ्यात भुंग्याला ओढणाऱ्या वासाची पुडी बांधून मला माडावर टांगलं. दर शुक्रवारी दोघं येऊन डोकावायची.

फेब्रुवारीत लेइसावी वारली. तिची धाकटी बहीण मोठ्या बेटावरून बोटीने आली. थडग्यावर लावायला तिने क्रोटनचं रोप आणलं होतं, कुजक्या भुशाच्या पिशवीत.

"भावोजी, हेही तपासणार?"

"जाऊ दे. तिच्यासाठीच आहे," काल्तोई म्हणाला. धक्क्यावर त्याला विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

भुंगा सापडल्यावर मुखियाने धक्क्यावर नामेलेचं पान बांधलं. ते बांधलं की तिथून काडीही हलत नाही. सोमवारी शेतीखात्याचा रेबान आला. हा भुंगा कुजक्या कचऱ्यात, भुशात अंडी घालतो, म्हणून त्याने गावातले सगळे उकिरडे उपसले. काही मिळालं नाही. मग माझ्या माडाखाली उभं राहून त्याने विचारलं, "काका, बाहेरची माती कुठे आलीय का?"

काल्तोईने माझ्याकडे पाहिलं.

"आलीय. मीच येऊ दिली. बायकोच्या उशाशी आहे."

"आम्ही खणतो, काका."

"नको. मी खणेन."

तेव्हापासून काल्तोई रोज सकाळी कुदळ घेऊन जातो. थडग्यावरचं गवत काढतो आणि परत येतो. क्रोटनला नवी लाल पानं फुटली आहेत.

मित्रांनो, आलेला भुंगा मी धरू शकते. येणारा तुम्हीच अडवायचा, आणणारं माणूस आपलं असलं तरी.

आज गुरुवार, उद्या पुन्हा माझ्यात डोकावायचा दिवस. क्रोटन अजून उपटायचं राहिलं आहे.