एका गादीची दोन भाडी

मी गादी बोलतेय. हो, जमिनीवर अंथरायची साधी गादी. चार बोटं जाड, निळ्या पट्ट्यांची, एका कोपऱ्यातून कापूस डोकावणारी. लोकांनी पाठ टेकावी आणि मी गुमान पडून राहावं, अशी रीत. पण राग तरी किती दिवस पोटात ठेवायचा? माझ्या पोटात आधीच जागा कमी.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या नव्या जोडप्याच्या पलंगावर जाईन. आले ती या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. एक खिडकी, भिंतीला आठ खिळे, आठ खिळ्यांवर आठ चादरी आणि जमिनीवर आम्ही चार गाद्या. चौघं दिवसा झोपणार, चौघं रात्री. घरमालक दिवसाचं भाडं वेगळं घेतात, रात्रीचं वेगळं. कुणी साहेब तपासणीला आला की दारातूनच बोट दाखवतात, "चार गाद्या, चार माणसं. मोजून घ्या." साहेब गाद्या मोजून जातो. गाद्यांवरचे खड्डे कुणी मोजत नाही.

माझ्यावर दोन खड्डे आहेत. रात्रीचा खड्डा रंगाऱ्याचा. त्याला सगळे चुना म्हणायचे. दिवसाचा बेकरीत रात्रपाळी करणाऱ्याचा, तो पीठ. दोघंही परदेशातून पोटासाठी आलेले, एकाच भाषेचे, पण गावं दोन दिवसांच्या अंतरावर. सकाळी एक उठायचा आणि दुसरा येऊन आडवा व्हायचा. थंडीत चुना उठला की पांघरूण तसंच ठेवायचा. पीठ आला की त्याला ऊब मिळावी म्हणून. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मला कळतं, कारण पांघरूण माझ्यावरच असायचं.

मी तशी भोचक. दोघांचे घरचे फोन मी कान लावून ऐकलेत. दोघंही बायकोला सांगायचे, मला खिडकीजवळचा स्वतंत्र पलंग आहे. खात्री पटावी म्हणून फोन असा धरायचे की मागे नुसती खिडकी दिसावी. मला कधी दाखवलं नाही. वाईट वाटायचं, पण समजायचं.

दर महिन्याला दोघं घरी पैसे पाठवायचे. पिठाचा परवाना नूतनीकरणाला गेलेला, सात महिने कचेरीतच पडून. काम करायला चालत होतं, पण कार्ड हातात नाही म्हणून पैसे पाठवायच्या खिडकीवर त्याला कुणी उभं करेना. म्हणून त्याचेही पैसे चुनाच आपल्या नावानं पाठवायचा.

मग भिंतीपलीकडे, घरमालकाच्या टीव्हीवर भांडणं सुरू झाली. बाहेरचे लोक येतात, आपला पैसा देशाबाहेर नेतात, एका खोलीत आठ आठ राहून घाण करतात. घरमालक मोठ्यानं म्हणायचे, "अगदी बरोबर." त्या आठांची भाडी मोजता मोजता म्हणायचे. माझा कापूस पेटेल की काय असं व्हायचं.

त्या भांडणातून नवा नियम निघाला. पैसे फक्त जवळच्या नात्यातल्या माणसालाच जातील, आणि एकेका माणसाला महिन्याला ठरावीकच रक्कम. नेमकं त्याच महिन्यात पिठाच्या बायकोचं ऑपरेशन ठरलं. गर्भाशयात गाठ. दवाखान्यात आगाऊ रक्कम भरल्याशिवाय तारीख मिळत नव्हती, आणि चुन्याच्या स्वतःच्या बायकोच्या नावावरची मर्यादा आधीच संपलेली.

रविवार हा एकच दिवस असा, की दोघं एकदम माझ्यावर बसायचे. चुन्यानं फॉर्म माझ्यावरच ठेवला. नात्याच्या रकान्यात आई, वडील, बायको, मूल, भाऊ, बहीण, एवढंच होतं. मित्राची बायको बसेल अशी जागाच नव्हती.

"राहू दे," पीठ म्हणाला. "बघू काहीतरी."

"काय बघतोस? बहीण लिहितो. मला नाहीये, एक असलेली बरी."

"म्हणजे मी तुझा मेहुणा? मग मान ठेव जरा."

"आधी गादीवरचे पाय खाली घे, मेहुण्या."

मी पडले मऊ. चुना जोर देऊन लिहायला गेला आणि पेन कागदातून आरपार गेलं. त्या शब्दाशी कागदाला भोक पडलं, माझ्यावर शाईचा ठिपका उमटला. तो अजून आहे.

ऑपरेशन झालं. बायको उठून बसल्याचं फोनवर दिसलं तेव्हा पीठ माझ्यात तोंड खुपसून रडला.

दोन महिन्यांनी चुन्याला परवान्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. नव्या नियमानं पैशांचे फॉर्म तिथेही तपासले जात. अकरा वर्षांपूर्वीच्या त्याच्या अर्जात लिहिलं होतं, भावंडं नाहीत. मग ही बहीण आली कुठून? साहेबांनी शेरा मारला, खोटी माहिती. दहा दिवसांत देश सोडा.

माझ्यावर बॅग भरताना तो पिठाला सांगत होता, "कचेरीत ज्या भिंतीला टेकून मी उभा होतो ना, ती मीच रंगवलेली. दोन हात दिलेत. अजून एक पोपडा नाही."

पीठ म्हणाला, "मी जाऊन सांगतो, पैसे माझे होते."

"गप्प बस. तुझा परवाना आतच आहे अजून. दोघं घरी बसलो तर खायचं काय?"

गेला. जाताना पांघरूण तसंच ठेवून गेला.

मी विचारते, खोटं कोणी लिहिलं? चार गाद्या दाखवून आठांची भाडी घेणारा माणूस अजून रोज टीव्हीसमोर मान डोलावतोय. त्याला कुणी दहा दिवस दिले नाहीत. सात महिने कागद दाबून बसलेल्या कचेरीला कुणी जाब विचारला नाही. पकडला गेला कोण, तर दुसऱ्याच्या बायकोचा जीव वाचावा म्हणून एक नातं लिहिणारा. तुम्ही जे कोणी वाचताय, तुमच्या भिंतीला रंग कुणी दिला, सकाळचा पाव कुणी भाजला आणि तो माणूस कुठे झोपतो, हे एकदा तरी विचारा. नाही विचारवलं तर निदान टीव्हीसमोर मान तरी डोलवू नका.

रात्रीच्या भाड्याला आता एक गवंडी आलाय. माझा कोपरा पार उसवलाय, पुढच्या वर्षी मी कचराकुंडीपाशी उभी असेन. पण मला काल दुपारचं सांगायचंय.

पिठाचं कार्ड आलं. चुन्याला गावी काम मिळालेलं नाही, आणि त्याच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष फीपायी अडलंय. पिठाच्या बायकोच्या नावावरची मर्यादा तिच्या औषधांतच संपते. पीठ फॉर्म घेऊन माझ्यावर बसला. चुन्याच्या बायकोचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्याशी थांबला. त्याच्याही जुन्या अर्जात भावंडं नाहीत. मला ठाऊक आहे, त्याला तर आहेच.

शाईच्या ठिपक्यावरून त्यानं एकदा बोट फिरवलं आणि लिहायला लागला. ब, मग ही. मी आयुष्यात पहिल्यांदा अंग फळीसारखं ताठ केलं. या वेळी कागदाला भोक पडलं नाही.