आप्पासाहेबांच्या टेबलावरची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे, तिला निदान फुलं तरी मिळतात. मी टेबलावरची. डोक्यावर बोट दाबलं की ‘टिंग’ करायचं, एवढंच माझं काम. कसबा पेठेतल्या एका कारागिराने मला घडवलं आणि पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाने विकत घेतलं.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. शिपाई मच्छिंद्र मला रोज चिंचेने घासायचा. “वा! आवाज अगदी खणखणीत!” असं प्राचार्य आप्पासाहेब आल्यागेल्याला सांगायचे. हळूहळू लाड संपले, काम तेवढं राहिलं. दर जूनमध्ये प्रवेशाच्या मुलाखती व्हायच्या आणि प्रश्न एकच असायचा : कायदा का शिकायचाय? उत्तर पुरे झालं की आप्पासाहेब मला दाबत, मच्छिंद्र बाहेरून दार उघडी आणि उमेदवार निमूट उठे. घंटी वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा आप्पासाहेबांचा सक्त हुकूम होता.

आणि ती उत्तरं! “गोरगरिबांना न्याय मिळवून द्यायचाय.” ज्याच्या मामाची वकिली जोरात चालायची तोही तेच सांगे, आणि कुठेच प्रवेश न मिळालेलाही तेच सांगे. एकाला पुढचं पाठांतर आठवेना, तर तो पंख्याकडे बघत बसला, जणू न्याय तिथेच टांगलाय. आप्पासाहेब मात्र कौतुकाने मान डोलवत. असल्या थापांसाठी वाजून वाजून मला माझ्याच आवाजाचा वीट आला. त्यात मच्छिंद्रने चिंच सोडली, तेलही सोडलं. माझी स्प्रिंग गंजत गेली.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका जूनमध्ये बिबवेवाडीची सुरय्या आत आली. शेवटची एक जागा उरली होती.

“यंदा प्रवेश मिळाला नाही तर घरचे माझं लग्न उरकणार आहेत,” तिने बसताबसताच सांगून टाकलं.

“ते राहू द्या. कायदा का?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“एका वकिलाचा राग आला म्हणून.”

आप्पासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुरय्या बोलतच राहिली.

“माझे अब्बा कुलपं दुरुस्त करतात. कुणीतरी ट्रंक उघडून घ्यायला आणली, ती चोरीची निघाली, आणि अब्बांवरही खटला भरला. वकील म्हणाले, ‘हो म्हणा, दंड भरा, घरी जा.’ अब्बा हो म्हणाले. त्या एका शब्दाने आपण चोर ठरलो, हे त्यांना घरी आल्यावर कळलं. आता चोराकडे कुलूप कोण देणार?”

“म्हणजे सूड उगवायचाय! अहो, रागापोटी कुणी कायदा शिकतं का?”

“मग आपण कशासाठी शिकलात, सर?”

आप्पासाहेबांनी मला दाबलं. मी वाजले नाही. पुन्हा दाबलं, मग तळहाताने थोपटलं. गंजलेली स्प्रिंग हलेचना. बाहेर मच्छिंद्र हुकमाप्रमाणे वाट बघत उभा, आणि आत सुरय्या जागची उठेना.

आप्पासाहेबांशेजारी प्राध्यापिका पद्मजाबाई बसायच्या. इतकी वर्षं त्या मुकाट बसल्या होत्या. आज म्हणाल्या, “सांगा ना, आप्पासाहेब. मलाही ऐकायचंय.”

आप्पासाहेब माझ्याकडे बघत पुटपुटले, “वडिलांची वकिली होती. आयती. दुसरं काही जमलंही नसतं.”

न्यायाचं नाव नाही, गोरगरिबांचं तर नाहीच! मी मनातल्या मनात पोट धरून हसले. पद्मजाबाईंनी पेन उघडून सुरय्याचं नाव लिहिलं आणि कागद सहीसाठी आप्पासाहेबांपुढे सरकवला. त्यांनी सही केली. मग मच्छिंद्रला हाक मारून दार उघडायला लावावं लागलं.

त्याच संध्याकाळी मला तेल घालण्यात आलं. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा समाजसेवकांसाठी वाजू लागले, खणखणीत.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. जरूर राखा. खुर्च्या पुसा, कपाटं झाडा. पण माझ्यापाशी येताना तेवढी तेलाची बाटली घरी ठेवून या. पुढच्या जूनमध्ये आणखी एखादी सुरय्या त्या दारातून आत येईल, आणि तिचं बोलणं अजून पुरं व्हायचं असेल.