पाळण्यावरचा खोपा

“ताई, हे चिकटवायच्या हुकावर लावू नका. काच जड आहे. आणि बाळाच्या डोक्यावर तर मुळीच नको.” मला कागदात गुंडाळताना फ्रेमवाल्याने बजावलं होतं. बाळाची आई हसून म्हणाली, “हो हो, बघू.”

मित्रांनो, मी शाईच्या चित्राची एक प्रत आहे, चाळीसातली सातवी. आणि माझा राग अजून गेलेला नाही.

एका चित्रकार बाईंनी सुगरणीचा खोपा चार महिने निरखून, त्यातली काडी न् काडी तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरली. शाई भरून चाळीस प्रती काढल्या आणि मग त्याच पत्र्यावर आडवा ओरखडा ओढला. एकेचाळिसावी प्रत कधीच निघू नये म्हणून.

या घरात माझं कौतुक झालं. बाळ बघायला येईल त्याला बाबा आधी मला दाखवायचे. “जगात फक्त चाळीस आहेत.” मीही फुगायची, खोटं कशाला बोलू?

पण भाड्याच्या भिंतीला भोक नको, म्हणून मला लावलं चिकटवायच्या हुकावरच. तेही पाळण्याच्या वर. तिसऱ्या आठवड्यात हूक सुटू लागला. मी कलले. आईने बोटाने सरळ केलं. पुन्हा कलले, पुन्हा सरळ केलं. “उद्या खिळा मारून घेऊ.” तो उद्या काही उजाडला नाही.

एका दुपारी बाळाने दुपटं ओलं केलं. आजींनी त्याला उचललं, त्या कोरडं दुपटं घ्यायला कपाटाकडे वळल्या आणि मी पडले. सगळी काच उशीवर. उशीवर त्याच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता.

बाबा धावत आले. “चित्राला काही झालं नाही ना? चाळीसातलं एक आहे ते.”

आजी नातवाला छातीशी धरून म्हणाल्या, “आणि हा कितीतला रे?”

बाबा खाली बसले. आई पाळण्यातली काच वेचत राहिली.

सुगरण पक्षी चोचीने गाठ ओढून ओढून बघतो. शिकल्यासवरल्या माणसांना मात्र ‘बघू’ पुरतं. याचीच मला चीड येते.

आता मी समोरच्या भिंतीवर आहे, दोन खिळ्यांवर. माझं काय, मी फाटले असते तरी एकोणचाळीस बहिणी उरल्या असत्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी तान्हं निजलंय का? मग हे मिटून ठेवा. उठा, आणि त्याच्या डोक्यावर काय टांगलंय ते बघून या. आत्ता.