बॉनेट उघडण्याआधीचे तीन प्रश्न

बॉनेट उघडण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. गाडी कधीपासून तापते? उभी असताना तापते की पळताना? आणि माझ्या आधी कुणाला दाखवली? सुरतच्या या उधन्यात गॅरेजं पुष्कळ आहेत, पण विचारायची तसदी कुणी घेत नाही. गाडी आली की खोलायची आणि दिसेल तो पार्ट बदलायचा. मला त्याचा संताप येतो.

नितीनभाईंची गाडी आली तेव्हा मी आधीच तापलेलो होतो. सकाळीच अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गिऱ्हाइकांदेखत झापलं होतं. अप्पांनी नितीनभाईंच्याच शेडमध्ये एकतीस वर्षं कापडाचे यंत्रमाग चालवले. गेल्या दिवाळीत काम सोडलं, तेव्हापासून रोज गॅरेजात स्टुलावर बसतात आणि खोकतात. बिडी सोडून पाच वर्षं झाली म्हणतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. माझी बायको वर्षा त्यांना दवाखान्यात न्या म्हणून मागे लागली होती. मी म्हणायचो, आधी बिडी सुटू दे, मग बघू. त्यांचे खिसेसुद्धा मी दोनदा तपासले होते.

"दीपकभाई, कालथीज गरम थाय छे," नितीनभाई म्हणाले.

सगळ्यांची गाडी कालपासूनच तापते. मी त्या 'काल'चं मनातल्या मनात वर्ष करतो, आणि बहुतेक वेळा तेच खरं निघतं. पलसाण्याला जाताना हायवेवर काटा जागेवर असतो, सिग्नलला थांबलं की चढतो, असं ते म्हणाले. म्हणजे पंखे. पळत्या गाडीला वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीला तो पंख्यांनीच घालायचा असतो.

इंजिन चालू ठेवून बघितलं. काटा चढत गेला, दोन्ही पंखे ढिम्म. पाणी पुरेसं होतं. पंख्यांचे फ्यूज उडालेले होते, नवे टाकले तर तेही उडाले. मोटर अडकली असणार, म्हणून पुढचा बंपर खोलला, आणि माझा हात जागीच थांबला.

रेडिएटर दिसतच नव्हता. त्याच्यावर जुन्या गादीतल्या कापसासारखा बोटभर जाड, मळकट थर बसला होता. त्यातलेच धागे मागे जाऊन दोन्ही पंख्यांच्या दांड्यांना घट्ट गुंडाळले होते. वीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. थर धरून ओढला, तर जाळीच्या खुणांसकट अख्खा सोलून हातात आला.

"गाडी ठेवता कुठे?" मी ओरडलोच.

"शेडनी खिडकी नीचे. बे वरसथी त्यांज छे."

दोन वर्षं. अप्पा स्टुलावरून उठून आले. तो थर त्यांनी हातात घेतला, बोटांनी चिवडला, आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले.

"हाऊ ते आपला मागवरना कचरा शे," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. "खिडकीमाईन एवढाच बाहेर येस. मझार तं यान्हापेक्षा गंज उडस."

शेडच्या आत याहून कितीतरी जास्त उडतो, एवढं सांगितलं आणि त्यांना खोकला आला. नेहमीचाच, पण मला धस्स झालं. गाडी दोन वर्षं खिडकीच्या बाहेर होती. अप्पा एकतीस वर्षं आत होते. आणि मी त्यांच्या खिशात बिड्या शोधत होतो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

गाडी कधी मिळेल, असं नितीनभाई विचारत होते. मी अप्पांना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्यासमोर खालीच बसलो. विचारला तो रोजचाच पहिला प्रश्न.

"अप्पा, हाऊ खोकला कवयपाईन शे?"

अप्पांनी तो थर जमिनीवर ठेवला आणि हात लेंग्याला पुसले.

"कालपाईन," ते म्हणाले.